कुरकुरीत टॉपिंगच्या पाककृतीत वजन आणि तापमानही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाज्या, सूप, सॅलड किंवा दह्यावर भुरभुरायच्या ‘पौष्टिक कुरकुरीत टॉपिंग’च्या पाककृती आपल्या पुरवणीत वरचेवर येतात. कल्पना चांगली आहे. घरातल्या एकाला भाजी मऊ आवडत नाही, दुसऱ्याला सूप पिळपिळीत वाटते, आणि मूठभर खमंग चुऱ्याने दोघांचीही सोय होते. अडचण आहे ती लिहिण्याच्या पद्धतीची. ‘थोडे तेल, चवीपुरते मीठ, सोनेरी होईपर्यंत भाजा’ एवढ्यावर रस्सा जमून जातो, कारण तो करता करता चाखता येतो आणि सुधारता येतो. भट्टीतून काढलेला गरम चुरा मात्र नेहमीच मऊ लागतो. तो कुरकुरीत झाला की नाही हे गार झाल्यावरच कळते आणि तोवर ओव्हन बंद झालेला असतो. म्हणून या पदार्थाला आकडे लागतात. ते या पत्रात देत आहोत.

आधी एक गैरसमज. कुरकुरीतपणा तेलाने येतो असे धरून बहुतेक पाककृती तेल किंवा लोणी वाढवत नेतात. प्रत्यक्षात तो पाणी निघून गेल्याने येतो. धान्यातला स्टार्च आणि प्रथिने कोरडी झाली की त्यांची जाळी कडक आणि ठिसूळ होते आणि दाताखाली आवाज करत तुटते. चुऱ्यात तीन-चार टक्के ओलावा असेल तोवर हे टिकते. तो दहा टक्क्यांच्या जवळ गेला की तीच जाळी वाकायला लागते आणि चुरा चिवट होतो. तेलाची कामे वेगळी आहेत. ते उष्णता कणाकणाला सारखी पोहोचवते, रंग एकसारखा आणते, मसाला धरून ठेवते आणि बाहेरचा ओलावा आत शिरण्याचा वेग थोडा कमी करते. या सगळ्याला शंभर ग्रॅम कोरड्या मिश्रणामागे एक ते सव्वा मोठा चमचा तेल, म्हणजे 14 ते 17 ग्रॅम, पुरते. त्यापुढचे तेल कणांच्या भोकांत जाऊन बसते, तोंडाला तुपकट चव आणते आणि चुरा लवकर खवट करते.

आता धान्य. संपूर्ण धान्य म्हणजे कोंडा, अंकुर आणि पिठूळ गाभा तिन्ही असलेले. पाकिटावरच्या ‘ब्राउन’ किंवा ‘मल्टिग्रेन’ या शब्दांवरून काहीच ठरत नाही. तपकिरी रंग कॅरमेलचाही असू शकतो आणि सात धान्ये घालूनही सातही पॉलिश केलेली असू शकतात. घटकांची यादी वाचावी. संपूर्ण गव्हाचे पीठ पहिल्या क्रमांकावर हवे. मोत्यासारखी पांढरी बार्ली संपूर्ण धान्यात धरू नये, तिचा कोंडा घासून काढलेला असतो. ओट्स चपटे केलेले असले तरी संपूर्णच असतात. चुऱ्यासाठी मात्र जाड पोह्यांसारखे, सावकाश शिजणारे ओट्स घ्यावेत. झटपट शिजणारे इतके पातळ असतात की ढवळतानाच त्यांचे पीठ होते.

रोजच्या जेवणाला चालणारा नमकीन चुरा असा: संपूर्ण गव्हाचा ब्रेड 180 ग्रॅम (मध्यम आकाराच्या सहा स्लाइस), जाड ओट्स 50 ग्रॅम, सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया 30 ग्रॅम, तीळ 15 ग्रॅम, तेल दोन मोठे चमचे (27 ग्रॅम), बारीक मीठ अर्धा लहान चमचा (3 ग्रॅम). मोठा चमचा 15 मिलिलिटरचा आणि लहान 5 मिलिलिटरचा धरला आहे.

ब्रेड शिळा असला तर तुकडे करायला सोपा जातो, पण शिळा म्हणजे कोरडा नव्हे. ताज्या ब्रेडमध्ये वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक पाणी असते. शिळा होताना त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो, म्हणून तो कडक लागतो, पण पाणी बरेचसे आतच राहते. असा ब्रेड थेट दळून तेलात परतला तर बाहेरून तांबूस आणि आतून रबरासारखा चुरा मिळतो. या एका चुकीमुळे जितके टॉपिंग वाया जाते तितके बाकी सगळ्या चुका मिळून जात नसेल. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढा भाग कापून उरलेला वापरू नये, पूर्ण ब्रेड टाकावा. बुरशीचे धागे दिसतात त्याच्या बरेच पुढे गेलेले असतात.

स्लाइसचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करून ट्रेवर एका थरात पसरा आणि 120 अंश सेल्सिअसला 20 ते 25 मिनिटे ठेवा. इथे रंग यायला नको, फक्त पाणी जायला हवे. तुकडा मोडल्यावर मधोमध मऊ लागला तर आणखी पाच मिनिटे. पूर्ण गार करून मग मोडा. 180 ग्रॅममधून साधारण 115 ते 120 ग्रॅम कोरडा चुरा निघतो. वजन 130 च्या वर भरले तर पाणी अजून आत आहे. मिक्सरमध्ये मोडत असाल तर बटण दाबून सोडत चार-पाच झटके पुरेत. कण तीन ते पाच मिलिमीटरचे हवेत, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. नंतर साध्या पिठाच्या चाळणीने चाळून खालची पूड वेगळी काढा. ही पायरी पाककृतीत कधीच नसते आणि नेमकी तीच महत्त्वाची आहे. पूड बहुतेक तेल पिऊन टाकते, मोठ्या कणांच्या आधी जळते आणि तिचा कडूपणा सगळ्याला लागतो. काढलेली पूड सूप दाट करायला उपयोगी पडते.

चुरा आणि ओट्स एकत्र करून त्यावर तेल धारेने घाला आणि बोटांच्या चिमटीत चोळा. मीठ तेलात विरघळत नाही, जाड असेल तर ट्रेच्या तळाशी जमते. म्हणून ते बारीक दळून घ्या किंवा एक लहान चमचा पाण्यात विरघळवून तेलाबरोबर फेटा. ते पाणी भाजताना उडून जाते. मिश्रण मोठ्या ट्रेवर एक सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीत पसरा. थर जाड झाला की खालून निघालेली वाफ वरच्या कणांत अडकते आणि भाजण्याऐवजी मिश्रण वाफवले जाते. ओव्हन आधी तापवून 155 अंशांना 15 ते 18 मिनिटे भाजा. पंख्याचा ओव्हन असेल तर 15 ते 20 अंश कमी. सहाव्या मिनिटाला ढवळा आणि बिया व तीळ तेव्हा घाला. सुरुवातीपासून घातले तर ब्रेड तयार होईपर्यंत तीळ जळतात. बाराव्या मिनिटाला पुन्हा ढवळा आणि कडेचा चुरा मध्ये, मधला कडेला आणा. काळ्या ट्रेमध्ये रंग चकाकणाऱ्या ट्रेपेक्षा लवकर येतो, तेव्हा दोन-तीन मिनिटे आधीपासून लक्ष ठेवा.

हवा त्या रंगाच्या एक छटा अलीकडे असतानाच ट्रे बाहेर काढा आणि चुरा लगेच दुसऱ्या थंड ताटात ओता. गरम ट्रेवर तो आणखी दोन मिनिटे भाजत राहतो. फिकट सोनेरी रंग पुरे. स्टार्च असलेले पदार्थ 120 अंशांच्या वर भाजताना ॲक्रिलामाइड हे तब्येतीला घातक मानले जाणारे रसायन तयार होते आणि रंग जितका गडद तितके ते जास्त, तेव्हा गडद तपकिरीच्या मागे लागण्यात चवीचा फायदा नाही आणि तब्येतीचाही नाही. परीक्षा अशी: एक चमचा चुरा ताटलीत काढून पाच मिनिटे थांबा. गार झाल्यावर चावताना आवाज आला तर झाले. रंग आला पण आवाज नसेल तर तापमान वाढवू नका. 120 अंशांना आणखी आठ-दहा मिनिटे ठेवा. रंग थांबतो, पाणी जाते.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पसरट पॅनमध्ये हेच जमते, पण निम्मे-निम्मे मिश्रण घेऊन, मध्यमपेक्षा मंद आचेवर, दहा-बारा मिनिटे हात न थांबवता. ब्रेडचे तुकडे आधी मंद आचेवर वेगळे सुकवावेच लागतात. मायक्रोवेव्हच्या फंदात पडू नये. पाणी कमी होत आले की मोठा कण आतून जळतो आणि बाहेरून पांढराच दिसतो.

मसाल्याचा क्रम वेगळा लिहावा लागतो. लसणाची पूड, लाल तिखट आणि वाळवलेली पाने शेवटच्या तीन मिनिटांत घालावीत. 155 अंशांना पंधरा मिनिटे भाजलेली लसणाची पूड कडू होतेच. किसलेले कडक चीज घालायचे असेल तर वरच्या प्रमाणाला 20 ते 25 ग्रॅम, तेही शेवटच्या पाच मिनिटांत, आणि मग मीठ निम्मे करावे.

या प्रमाणात अंदाजे 230 ग्रॅम चुरा होतो. एका माणसाला दोन भरगच्च मोठे चमचे, म्हणजे 15 ग्रॅम, धरले तर पंधरा वाढण्या. एका वाढणीत अंदाजे 75 कॅलरी, दीड ग्रॅमच्या जवळपास तंतू (फायबर) आणि 0.2 ग्रॅम वरून घातलेले मीठ. ब्रेडमधले मीठ वेगळे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ आणि किमान 25 ग्रॅम तंतू सुचवते. तेव्हा या चुऱ्याने तंतूंची गरज भागते असे छापणे खरे नाही. त्याचा खरा उपयोग असा की त्याच्या खालची भाजी संपते. आणि डबा उघडून तोंडात टाकत बसले की 75 च्या 300 कॅलरी व्हायला वेळ लागत नाही, हेही एका ओळीत लिहायला हरकत नाही.

ब्रेड नको असेल तर अख्ख्या धान्याचा प्रकार आहे आणि आमच्या मते चवीला तोच सरस. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: कच्चा गहू किंवा सोललेली अख्खी बार्ली नुसती भाजून वर घालू नये. तो दाणा दात दुखावण्याइतका टणक राहतो. दाणा आधी शिजला पाहिजे, म्हणजे स्टार्च फुगून मोकळा होतो, आणि मग सुकला पाहिजे. 100 ग्रॅम धान्य भरपूर पाण्यात शिजवा. भिजवलेल्या गव्हाला 40 ते 50 मिनिटे लागतात, किन्वाला 12 ते 15. किन्वा आधी चोळून धुवा, त्याच्या सालीवरचा कडवट फेस जायला हवा. दाणा मऊ व्हावा पण फुटू नये. चाळणीत निथळून कोरड्या फडक्यावर पसरा, वरून टिपा, आणि फ्रीजमध्ये उघड्या ताटात रात्रभर ठेवा. खोलीच्या तापमानाला तासन्‌तास वाळत ठेवू नका. शिजलेल्या धान्यात बॅसिलस सेरियस हा जंतू वाढतो आणि त्याचे एक विष नंतर भाजल्यानेही नष्ट होत नाही. दुसऱ्या दिवशी एक मोठा चमचा तेल चोळून 180 अंशांना 25 ते 35 मिनिटे, दर आठ-दहा मिनिटांनी हलवत भाजा. किन्वा बारीक असल्याने 15 ते 20 मिनिटांतच पाहा. दाणे ट्रेवर पडताना टणटण वाजू लागले की झाले. ओले दाणे तसेच भट्टीत घातले तर पहिली पंधरा मिनिटे वाफेतच जातात, दाणे ट्रेला चिकटतात आणि कडा करपून जातात.

फळांवर किंवा दह्यावर घालायच्या गोड प्रकाराला: जाड ओट्स 150 ग्रॅम, संपूर्ण गव्हाचे पीठ 40 ग्रॅम, भरड बदाम किंवा अक्रोड 30 ग्रॅम, तेल 30 ग्रॅम, मध 35 ग्रॅम, चिमूटभर मीठ. गुठळ्या हव्या असतील तर एका अंड्याचा पांढरा बलक फेसून मिसळा, त्यातली प्रथिने गोठून कण धरून ठेवतात आणि त्यामुळे गोड वाढवावे लागत नाही. मिश्रण ट्रेवर दाबून बसवा आणि 150 अंशांना 25 ते 30 मिनिटे भाजा. अर्ध्यावर ट्रे फक्त फिरवा. ढवळलेत की गुठळ्या मोडल्या. पूर्ण गार झाल्यावरच तोडा. मनुका, बेदाणे भाजून झाल्यावर आणि शक्यतो वाढतानाच घालावेत. भट्टीत ते कडू दगड होतात आणि डब्यात ठेवले तर त्यांचा ओलावा ओट्स ओढून घेतात. मध हवेतला ओलावा खेचतो, म्हणून मधाचा चुरा साखरेच्या चुऱ्यापेक्षा लवकर सादळतो. आठवडाभर ठेवायचा असेल तर मधाऐवजी 30 ग्रॅम साखर एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून घाला. एक वर्षाखालच्या बाळाला मध घातलेले काहीही देऊ नये, भाजलेलेही नाही, कारण बॉटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूचे बीजाणू घरगुती भट्टीत मरत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांच्या ताटात अख्खे दाणे, बदामाचे मोठे तुकडे आणि वर सांगितलेले कडक गहू नकोत. घशात अडकतात. त्यांच्यासाठी चुरा बारीक करून दह्यात कालवावा.

सिलिअ‍ॅक आजार, म्हणजे ग्लुटेन हे गहू-बार्लीतले प्रथिन न सोसणारा विकार, असलेल्या माणसासाठी गहू आणि बार्ली दोन्ही बाद. ओट्सही ग्लुटेनमुक्त असे लिहिलेलेच घ्यावेत, कारण शेतात आणि गिरणीत त्यांत गहू मिसळलेला असतो. ज्वारीच्या लाह्या, किन्वा आणि बिया यांचा चुरा चालतो, पण चाळणी, ट्रे आणि चमचा वेगळा हवा. तीळ आणि सुकामेवा यांची अ‍ॅलर्जीही असते, पाहुण्यांना विचारूनच वाढावा.

एवढे नीट केलेला चुरा दोन मिनिटांत मऊ पडतो तो वाढण्याच्या चुकीमुळे. गरम पदार्थावर चुरा घालून झाकण ठेवले की वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि थेट त्यावरच ठिबकते. झाकण ठेवायचेच असेल तर चुरा नंतर घाला. भट्टीत भाजायच्या पदार्थावर पूर्ण भाजलेला चुरा सुरुवातीपासून घातला तर वरून जळतो आणि खालून लगदा होतो. त्यासाठी तो आधी दहा मिनिटेच भाजून ठेवा आणि पदार्थ शिजत आल्यावर शेवटच्या आठ-दहा मिनिटांसाठी 190 अंशांना, उघडा, अर्धा सेंटिमीटर जाडीने पसरा. खालचा रस्सा दाट हवा. टोमॅटो, मशरूम यांसारख्या पाणी सोडणाऱ्या भाज्या आधी वेगळ्या भाजून त्यांचे पाणी आटवा. सूपवर मोठे कण आणि तेही टेबलावर बसल्यावर, कारण ते दोन-तीन मिनिटेच टिकतात. सॅलडमध्ये रस, तेल, मीठ सगळे कालवून झाल्यावर सर्वांत शेवटी. डब्यात न्यायचा असेल तर छोट्या वेगळ्या डबीत.

साठवण थोडक्यात. चुरा पूर्ण गार व्हायला पाऊण तास लागतो. कोमट भरला तर बाटलीच्या आतून दव धरते आणि दुसऱ्या दिवशी ‘भाजणे चुकले’ असे वाटते. कोरड्या काचेच्या लहान बाटल्यांत भरावा. मोठी बाटली अर्धी रिकामी झाली की दर वेळी झाकण उघडताना दमट हवा भरपूर आत जाते. थंड, अंधाऱ्या कपाटात दोन आठवडे, फ्रीझरमध्ये तीन महिने. संपूर्ण धान्याच्या अंकुरात आणि बियांत तेल असते, त्यामुळे हा चुरा मैद्याच्या चुऱ्यापेक्षा लवकर खवट होतो. जुन्या रंगासारखा वास आला तर टाकून द्या, पुन्हा भाजून तो जात नाही. नुसता सादळला असेल तर 150 अंशांना पाच मिनिटे पुरतात, पुन्हा तेल घालायची गरज नाही.

आपल्याला विनंती एवढीच की यापुढे अशा पाककृतींत ग्रॅममधले वजन, भट्टीचे तापमान, ट्रेवरच्या थराची जाडी आणि चुरा ताटात कधी घालायचा, या चार गोष्टी छापाव्यात. ‘एक कप’ लिहिल्याने भागत नाही. 240 मिलिलिटरच्या कपात जाड ओट्स 85 ग्रॅमच्या आसपास मावतात, ब्रेडचा चुरा मात्र तो किती बारीक केला आहे त्यावर कितीतरी कमी-जास्त भरतो, आणि मग तेलाचे माप चुकते. जागा कमी पडत असेल तर फोटो लहान करावा.

कळावे,
आपल्या,
पाककृती शिकवणाऱ्या दोन वाचक